कारण : माहीत नाही

आंबेशेत, पोलादपूर
१३ डिसेंबर १९५९

सहदेव,

आशीर्वादाने सुरुवात करायची रीत आहे. पण तुझं पत्र हाती पडल्यापासून तुझ्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतंय, म्हणून आशीर्वाद शेवटी लिहीन.

आठ महिने तुझा पत्ता नव्हता. बाणकोटला गलबतात चढलास एवढं कळलं होतं, तेही उडत उडत. मग वैशाखात बातमी आली की आखाताकडे जाणारं एक गलबत फुटलं. त्या एका बातमीवर आम्ही अख्खा पावसाळा काढला. तुझी साळूवहिनी देवापुढे दिवा लावताना तुझं नाव घ्यायची, आणि प्रयाग जवळपास असली की मनातल्या मनात घ्यायची. काल आखाताच्या फेऱ्या करणारा दासगावचा दाऊद तांडेल पोलादपूरला एस.टी.तून उतरला आणि तिथून चालत वर आला. ओटीवर बसून तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "पाटील, तुमचा भाऊ दुबईला हाय. हातात पाना हाय, पोटाला हाय. परवाना तेवढा नाय." साळू आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

त्याने आणलेलं पत्र तू प्रयागच्या नावाने लिहिलंस. घरात वाचता येणारा मी एकटा, हे तुला ठाऊक आहे. म्हणजे लिहायचं बायकोला आणि ऐकवायचं भावाला, ही तुझी जुनी खोड. मी ओटीवर बसून वाचलं, ती दाराआड उभी राहून ऐकत होती. कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून किनाऱ्याला लागलास, ते वाचलं. मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात काम मिळालं, पोलीस दिसला की गाडीखाली शिरतोस, तेही वाचलं. त्यावर ती जराशी हसली. एक ओळ मात्र मी गाळली.

तू लिहिलं होतंस, "दादाला विचार, सत्तावन साली फौजदाराच्या यादीत माझं नाव कुणी घातलं. ते कळल्याशिवाय मी गावात पाय ठेवणार नाही." ती ओळ आली तेव्हा मला खोकला आला, आणि खोकून झाल्यावर मी पुढची ओळ वाचली.

आता तुला उत्तर. सहदेव, दोन वर्षं झाली त्या गोष्टीला. गडावर पंतप्रधान येणार होते, तुम्ही मंडळी मराठी राज्य मागायला काळी निशाणं घेऊन आंबेनळी घाटाने वर चढणार होतात, म्हणून आदल्या तीन दिवसांत वाटेवरच्या सगळ्या गावांतून माणसं उचलली. तू एकटा नव्हतास. तुला चौतीस दिवस ठेवलं, आरोप ठेवला नाही, कोर्टापुढे उभं केलं नाही आणि एके सकाळी जा म्हणाले. त्या चौतीस दिवसांत तुझी मुलगी जन्मली आणि दुसऱ्या दिवशी गेली. तू तिचं तोंड पाहिलं नाहीस. मुंबईच्या कारखान्याने तुला परत घेतलं नाही, पुढे पासपोर्टही मिळाला नाही, आणि शेवटी तू हा असा बिनकागदाचा गेलास. हे सगळं मला समजतं. पण एक नाव कळून यातलं काय परत येणार आहे? यादी कुठून कशी जाते, हे सांगणं सोपं नसतं. तो विषय सोड.

प्रयागने विचारलं, "यायचं कवा म्हनत्यात?" मी म्हणालो, तसं काही लिहिलेलं नाही.

वहिनीने तुला तब्येत सांभाळायला सांगितलं आहे. आणि हे घे, अनेक आशीर्वाद.

तुझा दादा,
मालोजी


आंबेशेत
२० मार्च १९६०

सहदेव,

तू हे काय करून बसलास?

मला विचारलंस, मी विषय सोड म्हणालो, तर तू सरळ शाळेच्या गुरुजींच्या पत्त्यावर गावकीला पत्र धाडलंस. वर त्यात कोंडाजीचं नाव. पुरावा काय, तर आंब्याच्या बांधावरून त्याचं नि आपलं भांडण होतं, आणि तुला पकडायच्या आदल्या दिवशी तो पोलादपूरला गेला होता. अरे, तो बैलाच्या खुराला औषध आणायला गेला होता.

गुरुजींनी ते पत्र होळीच्या दुसऱ्या दिवशी सहाणेच्या चौथऱ्यावर वाचलं. सगळी गावकी जमलेली, भैरीची पालखी तिथेच टेकवलेली. मग कुशाबा म्हणाला, "येकेकानं भैरीच्या नारलावर हात ठेवावा. ज्यानं नाव दिलं नाय, तेनं बेलाशक ठेवावा." ताट धरायला पाटील, म्हणजे मी. एकूण त्रेसष्ट माणसांनी माझ्या हातातल्या नारळावर हात ठेवला. कोंडाजीची पाळी आली तेव्हा तो हात मागे घेऊन म्हणाला, "मी दिलं नाय. माझा शबुद हाय. भांडनाच्या पायी देवाला मधी घालनार नाय." तुला त्याचा स्वभाव माहीत आहे. जमिनीच्या मोजणीच्या वेळीही त्याने साक्ष द्यायला असाच नकार दिला होता, आणि तेव्हा तो खरा निघाला होता. पण परवा कुणाला ते आठवलं नाही. हात ठेवला नाही म्हणजे हाच, असं ठरलं आणि गावकीने त्याला वाळीत टाकलं. त्याच्या घरी कुणी जायचं नाही, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याने पाणवठ्यावर सगळ्यांच्या मागून यायचं.

माझ्या हातात ताट होतं म्हणून मला कुणी हात ठेवायला सांगितलं नाही.

पालखी घरोघर निघाली. पाटील म्हणून पुढे चालायचा मान आपला. कोंडाजीच्या बायकोने अंगण सारवून रांगोळी काढली होती, आणि कोंडाजी धुतलेलं धोतर नेसून आरतीचं ताट घेऊन दारात उभा होता. त्याला कळलं नव्हतं असं नाही. त्याला वाटलं असेल, माणसांनी टाकलं तरी भैरी थांबेल. भोई माझ्याकडे बघत होते, मी थांबलो असतो तर तेही थांबले असते. मी चालत राहिलो. ढोल वाजत होते, तेवढं बरं झालं.

म्हणून तुला हात जोडून लिहितो, गावकीला दुसरं पत्र धाड. लिही की माझा नुसता संशय होता, कोंडाजीचा दोष नाही. तुझ्या शब्दावर ते ऐकतील. मी सांगून उपयोग नाही. पाटील मधे पडला तर लोक म्हणतील की पाटलाचं काही तरी असेल.

प्रयाग बरी आहे. नाचणीची भाकरी तिच्या हातची झाली की मला तुझी आठवण होते. तू करपलेली बाजू मला द्यायचास.

मालोजी


आंबेशेत
३ मे १९६०

सहदेव,

परवा तुमचं राज्य झालं. तुमचंच म्हणतो, कारण मी त्यासाठी काही केलं नाही. वरून हुकूम आला म्हणून शाळेपुढे मी झेंडा लावला आणि पेढे वाटले. गुरुजींनी भाषण केलं, ज्यांनी तुरुंगवास भोगला त्यांची नावं घेतली, त्यात तुझं पहिलं घेतलं. टाळ्या झाल्या. फौजदारसाहेबही आले होते, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. माणूस बदलून आलेला आहे, तुझ्या वेळचा नव्हे, पण टोपी तीच. मला हसू आलं आणि मग भलत्याच ठिकाणी रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून पेढ्यांचं ताट घेऊन मागे गेलो.

कार्यक्रम झाल्यावर प्रयागने विचारलं, "राज तर झालं. आता ह्यांना परत येयाला कोन आडवनार?" तिच्या हिशोबाने अडचण संपली होती. मी तिला सांगितलं की आता अडचण सरकारची नाही, परवान्याची आहे, गलबतातून उतरला की इथले पोलीस विचारतील कुठून आलास आणि कागद कुठे आहेत. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग दुसरं काय लिवत न्हाईत का ते?" मी नाही म्हणालो.

गावकीला तू दुसरं पत्र लिहिलं नाहीस. मला मात्र लिहिलंस, चारच ओळी, की कोंडाजी नसेल तर कोण, तेवढं सांग, मग लिहितो. तू लहानपणीही असाच हट्टी होतास, आणि तेव्हा मी तुझे हट्ट पुरवत होतो.

बरं, ऐक. ती यादी माझ्या अक्षरात होती. पाटलाने लिहायची असते, म्हणून मी लिहिली. फौजदाराने नावं सांगितली, मी उतरवून घेतली. त्याला नावं कुणी दिली ते मला माहीत नाही. एवढंच आहे. आता कोंडाजीसाठी पत्र लिही. त्याच्या नातीचं लग्न ठरत होतं, ते मोडलं.

मालोजी


आंबेशेत
९ ऑक्टोबर १९६०

सहदेव,

दाऊद काल येऊन गेला. श्रावणात तू दुबईत बिनपरवान्याचा पकडला गेलास आणि तेव्हापासून आत आहेस, हे त्याच्याकडून कळलं. दुसऱ्यांदा तू कोठडीत आहेस आणि दुसऱ्यांदा तुझ्यावर आरोप नाही, नुसता ठेवलेला आहेस. दाऊद म्हणतो, मार नाही, पण गर्मी फार आणि पाणी मोजून. त्याच्या ओळखीचा एक जण तिथे जेवण पोचवतो, त्याच्या हातून हे पत्र तुला मिळेल.

तिथले लोक म्हणतात की तू हिंदुस्थानचा आहेस असं हिंदुस्थान सरकार म्हणत असेल तर घेऊन जा. आणि आपलं सरकार म्हणतं की चौकशी करून सांगतो. ती चौकशी फिरत फिरत पोलादपूरला आली, आणि तिथून गुरुवारी माझ्याकडे आली. सरकारला तुझ्याबद्दल काही जाणून घ्यायचं असलं की शेवटी कागद माझ्याच ओटीवर येतो.

कागदावर रकाने आहेत. नाव, बापाचे नाव, जन्म, जमीन, वर्तणूक. ते मी भरले. मग एक रकाना आहे: पूर्वी अटक झाली होती काय, असल्यास कारण. त्याखाली कुणी तरी लाल शाईने लिहिलंय, "मागील चौकशीत कारण माहीत नाही असे नमूद. खुलासा करावा."

मागील चौकशी म्हणजे अठ्ठावन सालची, तुझ्या पासपोर्टची. तीही माझ्याकडेच आली होती, आणि ते तुला मी कधी सांगितलं नाही. तेव्हा मी लिहिलं होतं, "अटक: होय. कारण: माहीत नाही." पाटलाचं काम करणाऱ्याला ही सवयच लागते. गुरं कुणाची घुसली, माहीत नाही. गवताला आग कशी लागली, माहीत नाही. असं लिहिलं की कुणी पुन्हा बोलवत नाही. मला वाटलं, याने तुझंही काही बिघडणार नाही. पण वरच्या साहेबाने ते वाचून काय समजायचं? ज्या माणसाला पकडण्याचं कारण त्याच्या सख्ख्या भावालाही लिहवत नाही, तो माणूस काय करून बसला असेल, असंच ना? म्हणून पासपोर्ट अडला आणि तू गलबतात चढलास.

कागद परत करायला पंधरा दिवसांची मुदत आहे. रकाना अजून रिकामा आहे.

मालोजी


आंबेशेत
२३ ऑक्टोबर १९६०, रविवार

सहदेव,

तुझं नाव मी दिलं.

एवढंच लिहून पाकीट बंद करावं असं वाटलं होतं, पण मग तू म्हणशील, दादाने पुन्हा अर्धंच सांगितलं. मे महिन्यात लिहिलं की फौजदाराने नावं सांगितली, ते खोटं होतं. तो चावडीत आला आणि म्हणाला, "पाटील, गडाच्या वाटेवरच्या प्रत्येक गावातून पाच नावं हवीत. दोन दिवस ठेवतो, साहेब परत गेले की सोडतो." नावं त्याला माहीत नव्हती. ती मी सांगितली, आणि पहिलं तुझं सांगितलं.

स्वतःला मी याची कारणं बरीच दिली आहेत. एक, की दुसऱ्यांची पोरं लिहून घरचं वाचवलं असं कुणी म्हणू नये. दुसरं, की छप्पन साली मुंबईत गोळ्या चालल्या तेव्हा तू त्या गर्दीत होतास आणि दुसऱ्याच्या रक्ताने भरलेला सदरा घालून घरी आला होतास. तो सदरा मी धुतला, वहिनीला दिसू नये म्हणून. मला वाटलं, गडावर तसंच झालं तर? त्यापेक्षा दोन दिवस आत बसलेला बरा. हे खरं आहे, सहदेव. हे मी बनवून सांगत नाही.

पण त्या दिवशी सकाळी तू चावडीसमोर, पंधरा माणसांत, मला सरकारचा कुत्रा म्हणाला होतास. सगळे हसले होते. मीही हसलो होतो. दुपारी फौजदार आला तेव्हा ते हसणं माझ्या कानात होतं. यादी लिहिताना मला बरं वाटत होतं. हे शेवटचं कारण मी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांचे चौतीस झाले. पाचव्या दिवसापासून मी फौजदाराकडे खेटे घालत होतो, तो म्हणायचा, आता माझ्या हातात नाही. मी काही तुझ्यासाठी रडत बसलो नव्हतो, मला भीती वाटत होती. नऊ डिसेंबरला प्रयाग बाळंत झाली. जन्ममृत्यूचं रजिस्टर पाटलाकडे असतं. मी जन्माची नोंद केली, "स्त्री, नाव ठेवलेले नाही." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच रजिस्टर पुन्हा उघडलं. दोन्ही नोंदींत बापाच्या नावापुढे तुझं नाव आहे, आणि खबर देणारा म्हणून माझी सही आहे.

परवा शुक्रवारी मी प्रयागला समोर बसवलं आणि तुझं पहिलं पत्र काढून ती गाळलेली ओळ वाचून दाखवली. मग उत्तर सांगितलं. साळू दारात उभी होती, तिलाही तेव्हाच कळलं. मला वाटलं प्रयाग रडेल, ओरडेल. तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, वाचता येत नसून सगळ्या पानांवरून नजर फिरवली, आणि विचारलं, "ह्याच्यात आनखी काय काय गाळलंत, दादा?" मी म्हणालो, काही नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि तिने का ठेवावा?

शनिवारी पोलादपूरला जाऊन कागद दिला. रकान्यात लिहिलं: "अटक: होय. कारण: मी, पोलीस पाटील मालोजी, याने दिलेली माहिती. इसमाने कोणताही गुन्हा केलेला नव्हता व करण्याच्या बेतात नव्हता. माहिती मी रागाने दिली." फौजदाराने दोनदा वाचलं. म्हणाला, "पाटील, हे वर गेलं तर तुमची पाटीलकी जाईल. 'गैरसमजातून' असं लिहा, नाही तर सरळ 'माहीत नाही' लिहा." मी म्हणालो, "ते एकदा लिहून झालंय, साहेब." पाटीलकीचा राजीनामाही त्याच्या टेबलावर ठेवला. आपल्या पणज्यापासूनची पाटीलकी, तरी देताना मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

आज सकाळी गावकी बोलावली. कोंडाजीला मुद्दाम निरोप धाडला. तो आला, पण देवळाच्या पायरीशीच थांबला, कारण वर यायची त्याला बंदी. मी उभा राहून जे तुला लिहिलंय तेच सांगितलं, कुत्र्याच्या गोष्टीसकट. नारळाच्या ताटाची गोष्टही सांगितली. कुशाबा माझ्याकडे बघेना. मग कोंडाजी पायरीवरूनच बोलला. "मालोजी, सात म्हैनं मी रातध्याड इचार करत व्हतो. म्हनलं, औषिद आनाया गेलो तवा बोलता बोलता मीच कुनाला काय बोललो का काय. माजाच माज्यावर भरवसा ऱ्हायला नव्हता." एवढं बोलून तो खाली बसला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी त्याचं काय घेतलं होतं.

त्याची बंदी उठली. माझी लागली. ती कधी उठेल याची मुदत कुणी सांगितली नाही आणि मीही विचारली नाही.

तू आतापर्यंत विचारत होतास, ते आता तुला कळलं. हे वाचून तू काय करशील, मला ठाऊक नाही. पण तुझ्या सुटकेचा कागद वर गेला आहे, आणि या वेळी त्यात सगळं खरं आहे.

मालोजी


आंबेशेत
५ फेब्रुवारी १९६१

सहदेव,

तू सुटलास. सरकारने तुला आपला म्हणून मान्य केलं, आणि पुढच्या बोटीने तुला मुंबईला पाठवणार आहेत, असं पोलादपूरहून कळलं. मला थेट कळवलं नाही, मी आता पाटील नाही. नव्या पाटलाकडे कागद आला. तो माझ्याशी बोलू शकत नाही, म्हणून त्याने आमच्या कुंपणापाशी उभं राहून बैलाला मोठमोठ्याने सगळं सांगितलं. बैलाने ऐकलं आणि मीही. नवा पाटील मोरू आहे. चांगला माणूस आहे, त्याला त्रास देऊ नकोस.

हे पत्र दाऊद तुला धक्क्यावर देईल. तो दासगावचा, आपल्या गावकीचा नियम त्याला लागत नाही, म्हणून हल्ली तोच एक येतो.

ऑक्टोबरच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. दाऊद म्हणतो, तू ते वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि काही बोलला नाहीस. नको बोलूस. मी उत्तरासाठी लिहिलं नव्हतं, असं म्हणायला आवडलं असतं, पण ते खोटं होईल. दर बुधवारी पोस्टमन चांगू खालच्या वाटेने जातो, आणि मी काही तरी काम काढून तिथे उभा असतो. पत्र द्यायला त्याला बंदी नाही. बोलायला आहे. तो लांबूनच मान हलवतो.

प्रयाग इथे राहत नाही. गावकीच्या दुसऱ्या दिवशीच तिने आपली पेटी उचलली. माहेरी तिचं कुणी नाही, हे तुला माहीत आहेच. कोंडाजीची बायको येऊन अंगणाबाहेर उभी राहिली, म्हणाली, "चल गो, आमच्याकडं जागा हाय." साळूने तिला तांदळाची पिशवी बांधून दिली, ती तिने घेतली, आणि साळूच्या पाया पडली. माझ्या पडली नाही. साळू माझ्याजवळच राहिली आहे. परवा मी तिला म्हटलं, माझ्या पायी तुझ्याशीही कुणी बोलत नाही. तर म्हणाली, "बरं झालं. साऱ्या वाडीला विरजन देऊन देऊन कंटाळले व्हते." आणि मग विहिरीवर गेली, सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर. दीड तास लागतो.

गेल्या आठवड्यात प्रयाग आली होती, अंगणाच्या कडेपर्यंत. मला वाटतं कोंडाजीने गावकीला विचारून तिला तेवढी मुभा काढून दिली असावी. तिने साळूला उद्देशून सांगितलं, पण ते माझ्यासाठी होतं, कारण लिहिणारा मीच. जसं सांगितलं तसंच लिहितोय, एकही शब्द गाळलेला नाही: "तुमी या. कोंडाजीआबांच्या वटीवर मी हाय, तितं या. पोरीला जितं ठेवली ती जागा मी रोज झाडते. तुमाला ती दावायची हाय. बाकी जे बोलायचं ते मी सोता बोलीन." एवढंच. मी विचारलं नाही, तीही थांबली नाही.

आता यायचं कसं ते ऐक. महाडवरून येणारी सकाळची गाडी पोलादपूरला साडेदहाला येते. थांब्यावर कोंडाजी असेल. बांधाचं भांडण त्याने मिटवलं आहे. आंबा दोघांचा असं त्याने गुरुजींकडून लिहून घेतलं आणि कागद तुझ्या नावे ठेवला आहे. तू त्याच्या पाया पड. त्याच्याबद्दल तू लिहिलं होतंस, ते त्याने मनात ठेवलेलं नाही, पण तू मनात ठेव.

गावात शिरताना वाट आपल्या घरावरून जाते, ती टाळता येत नाही. मी ओटीवर असेन. माझ्याशी बोलू नकोस. मान हलवू नकोस, हात तर मुळीच जोडू नकोस. कुणी ना कुणी बघत असतं, आणि माझ्याशी बोलला तो माझ्याच पंगतीला, असं ठरलेलं आहे. जवळजवळ दोन वर्षांनी तू माणसांत येतोयस. पहिल्याच दिवशी तुला गावाबाहेर बसवलं तर मी एवढं केलेलं सगळं पाण्यात गेलं. तुला थांबावंसं वाटणारही नाही कदाचित, मग तर प्रश्नच नाही.

पण दाऊद म्हणत होता की तिथे गाडी पायावर आली तेव्हापासून तू लंगडतोस. तो नक्की कोणता पाय ते त्याला आठवत नव्हतं. मला ते बघायचं आहे. म्हणून घरासमोर आलास की जरा सावकाश चाल.

तुझा दादा,
मालोजी